दोन्ही टोकांनी आवळलेला खडा

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी खंडेनवमीला मी माझ्या नातीची तीन महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात मोडली. मोडली ती मोडली, वर महिनाभर तोंड मिटून बसलो. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. कुणी सांगितलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सतराव्या वर्षी गावाहून आलो, परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पंचविशीत साचेखात्यात फिटर झालो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. शंभर साचे एकदम धडधडत असताना त्यातला कुठला नीट बोलत नाही ते मी दारातून सांगायचो. इंजिनियर लोक पुस्तक उघडायचे, मी कान द्यायचो. मग संप झाला, गिरणी गेली. पुढची वीस वर्षं काय केलं ते लिहिणार नाही. पोट भरलं, एवढं पुरे. गिरणीतून माझ्याबरोबर एकच वस्तू घरी आली, माझ्या हत्यारांची लोखंडी ट्रंक. पाने, कानशी, हातोड्या, आणि दोन भागांमधली फट मोजायच्या पोलादी पत्त्या. मुलगा दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणतो, "बाबा, हे भंगारात देऊया." मी दर दिवाळीला ऐकू न आल्यासारखं करतो.

आमची खोली घोडपदेवला, चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर. मुलगा एका गोदामात सुपरवायझर, सून हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात. एकुलती एक नात परळच्या एका संस्थेत पीएचडी करते. चाळीत कुणी विचारलं की मुलगा सांगतो, "केमिकलमध्ये आहे." मला तेवढ्याने भागत नव्हतं.

"गो बाय, नीट सांग. तू करतंस काय?"

"आजोबा, क्रिस्टल वाढवते."

"म्हणजे खडे?"

"हो, खडे. ऑरगॅनिक फेरोइलेक्ट्रिक."

"ऑरगॅनिक म्हणजे? त्या महागड्या भाजीसारखे? शेणखतावरचे?"

ती इतकी हसली की हातातला चहा सांडला. "नाही हो आजोबा. धातूचे नाहीत, एवढंच. साखर असते, कापूर असतो, त्या जातीचे. आणि फेरो म्हणजे लोखंड, पण ह्यात लोखंडाचा कणही नाही. लोहचुंबकासारखं वागतात, फक्त विजेच्या बाबतीत, म्हणून ते नाव."

मग तिने समजावलं. माझ्या डोक्यात बसलं ते असं. त्या खड्यातल्या प्रत्येक बारक्या कणाला एक बाजू अधिकची आणि एक वजाची. सगळे कण एका दिशेला तोंड करून उभे. बाहेरून विजेचा झटका दिला की सगळे एकदम उलटे फिरतात, आणि वीज काढून घेतली तरी फिरलेलेच राहतात. मी म्हटलं, ह्यात नवीन काय, आम्ही अडीच लाख माणसं अशीच एका दिशेला तोंड करून उभी राहिलो होतो. वीज काढून घेतली तरी फिरलेलीच राहिलो. ती सांडलेला चहा पुसायला उठली. संपाचं बोलणं काढलं की ह्या घरात सगळ्यांना काहीतरी काम निघतं.

आता खडे घरी का आले ते सांगतो. तिच्या संस्थेच्या भिंतीला लागून आमच्या गिरणीची जागा. तिथे टॉवर उठतोय. पायासाठी जमिनीत लोखंडी खांब ठोकायचं काम उन्हाळ्यात सुरू झालं, दिवसभर धाड धाड. खडे वाढवायचे म्हणजे औषधाचं पाणी बाटलीत ठेवायचं, तोंडाला टाचणीची भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि पाणी सावकाश उडू द्यायचं. तळाशी खडा धरतो. तो वाढत असताना बाटली हलली की दाणे पडतात, एकसंध खडा मिळत नाही. तिचे दोन महिने असे दाण्यांत गेले. ज्या जमिनीने माझी नोकरी खाल्ली तीच आता माझ्या नातीचे खडे खात होती.

एका संध्याकाळी ती दारात चपला काढता काढता म्हणाली, "आजोबा, तुमच्या ट्रंकेत जागा आहे?"

ती ट्रंक दोन माणसांना उचलत नाही. पोटमाळ्याखालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून आहे, वर जाजम टाकलेलं. आत अंधार, गारवा, आणि वजन एवढं की शेजारी कांडण केलं तरी हलणार नाही. मी हत्यारं एका बाजूला सरकवली, मध्ये घोंगडी घातली. पाच बाटल्या बसल्या. सुनेने नाक मुरडलं, "वास येतो बाबा." मी म्हटलं, "तुला माशाचा येत नाही, ह्याचा कसा येतो?" चार महिने त्या बाटल्या माझ्या राखणीत होत्या. सकाळ-संध्याकाळ झाकण न उघडता नुसता हात ठेवून बघायचो, ट्रंक गार आहे ना. गिरणी सुटल्यापासून माझ्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं.

गणपतीच्या आधी तिला पहिला मनासारखा खडा मिळाला. जिऱ्याच्या दाण्याहून थोडा लांब, फिकट पिवळा, कडा अशा की कानशीने काढल्यासारख्या. त्याच्याबरोबर सुईसारखे काही बारके तुकडेही निघाले. त्यातला एक तिने काचेच्या कडेला एका टोकाने चिकटवला, खिडकीला काळं कापड लावलं आणि माझं जुनं भिंग माझ्याच हातात दिलं.

"आता बघा."

तिच्याकडे जांभळ्या उजेडाची लहान बॅटरी होती. तिने ती तुकड्यावर धरली. तुकडा पिवळ्याचा नारिंगी झाला, आणि हळूहळू, कुणी बोट लावल्याशिवाय, उजेडापासून अंग काढून घेतल्यासारखा वाकला.  लोखंड तापून वाकताना पाहिलं आहे, लाकूड ओलाव्याने फुगताना पाहिलं आहे. नुसत्या उजेडाने वस्तूचा आकार बदलताना पाहिला नव्हता.

"आतला रेणू उजेड लागला की अंग वळवतो," ती म्हणाली. "लाखो रेणू एकाच बाजूला वळले की अख्खा क्रिस्टल लांबतो, वाकतो. आणि आतली अधिक-वजाही बदलते. म्हणजे उद्या वायर न लावता नुसत्या उजेडाने चालणारं बारीक यंत्र करता येईल. सध्या कोणाला नीट मोजताच आलेलं नाही की नेमका किती लांबतो."

"आणि परत?"

तिने बॅटरी विझवली, साधा पिवळा दिवा लावला. तुकडा हळूच सरळ झाला. रंगही फिरला. "पिवळ्या उजेडाने काही बिघडत नाही, उलट लगेच सरळ होतो. काळोखात परत पिवळा व्हायला एक-दोन दिवस लागतात, एवढंच. जांभळ्याला जपायचं. उन्हातही जांभळा असतो, म्हणून काळा कागद."

हे तिचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. त्यानेच घात केला.

मोठ्या खड्याची मोजणी दसऱ्यानंतर व्हायची होती. संस्थेतल्या मोजायच्या यंत्राचा नंबर दोन-दोन महिने लागत नाही. त्या मोजणीवर तिचं पुढचं वर्ष होतं. कमिटीला काहीतरी पक्कं दाखवलं नाही तर शेवटच्या वर्षाची फेलोशिप मंजूर होणार नव्हती, आणि फेलोशिप गेली की आमच्या घरात पीएचडी चालणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तिच्या बापाने तर मुलगा बघायला सुरुवातही केली होती. खड्याला केसासारख्या दोन तारा लावून तो काचेवर बसवायचा होता. संस्थेत खांब ठोकणं चालूच, म्हणून तिने ते काम घरी, माझ्यासमोर, टेबलावर केलं. चांदीच्या लेपाचा एक ठिपका ह्या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही टोकं काचेला घट्ट.

मला राहवलं नाही. "दोन्ही टोकं आवळू नको."

"तारा दोन्हीकडे लागतात आजोबा."

"तारा लाव गो. चिकटव एकच टोक. दुसरा मोकळा सोड. ह्यो लांबतलो म्हणतंस ना? मग लांबाक जागा खंय? दांडा दोन्ही बाजूंनी आवळलास तर तापला की मोडता. साच्यात आम्ही पत्तीभर फट ठेवायचो."

"हे साच्यासारखं नाही," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "हे केसाच्या हजाराव्या भागाएवढं लांबणार. सरांनी असंच सांगितलंय."

सरांनी सांगितलं म्हटल्यावर चौथी पास म्हाताऱ्याने काय बोलायचं. मी उठून गॅलरीत गेलो. पण ते टोचलं.

तिची एक जाड वही होती. रोज काय केलं ते त्यात लिहायची. त्या वहीचा नियम मला फार आवडला होता. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, खाली सही आणि तारीख. गिरणीत असा नियम साहेबांच्या कागदांना असता तर खूप बरं झालं असतं.

आता खंडेनवमी. गिरणी चालू होती तेव्हा दसऱ्याच्या सणाला साचे थांबायचे. आम्ही सगळे आत, आणि तरी शांतता. वर्षभराचं तेल पुसायचं, प्रत्येक साच्याला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, नारळ. ज्याच्यावर हात चालतो त्याला हात जोडायचे. गिरणी गेल्यावरही मी एक वर्ष चुकवलं नाही. ट्रंकेतली हत्यारं काढायची, घासायची, पाटावर मांडायची. तिच्या संस्थेत दसऱ्याला सुट्टी देतात, पूजा करत नाहीत. लाखांची यंत्रं, पण एकाला कधी फूल लागलेलं नाही.

आदल्या दिवशी मी नातीला म्हटलं, "उद्या तुझो खडोपण पाटावर ठेवूया."

"ठेवा की. पण डबा उघडू नका हं आजोबा. नमस्कार बाहेरून."

ती सकाळी मैत्रिणीकडे गेली, मुलगा कामावर, सून फुलं आणायला दादरला. मी हत्यारं मांडली. मध्ये तिचा डबा ठेवला. काळा कागद गुंडाळलेला डबा, जशी काही चोरीची वस्तू. देव डब्यात कोंडून पूजा कोण करतो? मी निरांजन लावलं आणि मनाशी हिशोब केला: निरांजन पिवळं. पिवळ्याने बिघडत नाही, तिनेच सांगितलंय. खिडकी लावून घेतली, कारण ऊन नको. एवढी अक्कल मला होती. मग कागद काढला, डबा उघडला, काचेची पट्टी अलगद बाहेर घेऊन पाटावर माझ्या पोलादी पत्त्यांच्या शेजारी ठेवली. पट्टीच्या कोपऱ्याला, खड्यापासून लांब, कुंकवाचं बोट टेकवलं. हात जोडले.

देवाच्या फळीला सुनेने घटस्थापनेपासून बारक्या दिव्यांची माळ सोडली होती. ती दिवसरात्र चालू असते, कुणी तिच्याकडे बघत नाही. मीही बघितलं नाही. ती जांभळी होती. पाट तिच्या बरोबर खाली होता.

मी स्तोत्र म्हटलं, हत्यारांना अक्षता वाहिल्या, अर्धा तास गेला असेल. मग भिंग घेऊन खडा बघायला वाकलो, कारण मला त्याचं तोंड बघायचं होतं. तो नारिंगी झाला होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या मधोमध केसासारखी रेघ उमटली. आवाज झाला नाही. निदान मला ऐकू आला नाही, आणि मी आयुष्यभर यंत्रांचेच आवाज ऐकत आलो होतो.

तेव्हा मान वर केली आणि माळ दिसली.

मी कोपऱ्यावरचं कुंकू सदऱ्याच्या टोकाने पुसलं, पट्टी डब्यात ठेवली, काळा कागद होता तसा गुंडाळला. घड्या जुळवून.  सून फुलं घेऊन आली आणि मी झेंडू ओवायला बसलो.

तीन दिवसांनी ती डबा घेऊन गेली. दुपारीच परत आली. चप्पल न काढता कॉटवर बसली.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"तडा गेलाय. यंत्रावर चढवायच्या आधीच. काळोखात ठेवलेला, कोणी उघडला नाही, आणि तडा." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, डबा उघडला नव्हता ना तुम्ही?"

मी "नाही" म्हणालो असतो तर ते एक खोटं झालं असतं. मी त्याहून वाईट केलं. मी म्हणालो, "मी सांगितललंय तुका, दोन्ही टोकं आवळू नको म्हणून."

तिने डबा बाजूला ठेवला. मग मान हलवली. "तुमचं बरोबर होतं आजोबा. मी ऐकायला हवं होतं."

सून म्हणाली, "बघ, मोठ्यांचं ऐकत जा जरा."

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. उभ्या जन्मात शिकलेल्या माणसाने मला कधी म्हटलं नव्हतं की तुझं बरोबर. साहेबाने नाही, युनियनवाल्याने नाही, पोटच्या पोराने नाही. आणि जेव्हा कुणी म्हटलं तेव्हा ते असं.

पुढे काय होणार हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती दुसरा खडा घेईल, एक टोक मोकळं ठेवेल, झालं. पण तिच्या सरांनी विचारलं, उजेड नसताना तडा जातोच कसा? हे शोधून काढ. तिने वहीत लिहिलं, काळोखात आपोआप तडा, सही केली, आणि त्याच्या मागे लागली. ट्रंकेतल्या बाटल्यांमधून निघालेले सहा खडे तिने एकामागून एक दोन्ही टोकांनी चिकटवले आणि काळोखात ठेवून दिले. रोज लाल दिव्याखाली डबा उघडून बघायची. एकालाही तडा जात नव्हता. जाणार कसा?

दिवाळी आली. तिने फराळाला हात लावला नाही. सूनबाई चकल्या तळत म्हणाली, "एवढ्या शिकून ह्यांना एक खडा कळेना." मी गॅलरीत कंदिलाची दोरी बांधत होतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग ती विचारायची, "आजोबा, तुमच्या साच्यात असं व्हायचं का हो, काही न करता दांडा मोडला?" आणि मी फिटरच्या तोऱ्यात तिला पोलाद कसं थकतं ते समजावायला बसायचो. ती ते वहीत टिपून घ्यायची. माझे खोटे शब्द, तिचं सुंदर अक्षर.

नोव्हेंबर सरत आला होता. कमिटीच्या आदल्या दिवशी ती चार वाजताच धावत जिने चढून आली. महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उघडलेला दिसला.

"आजोबा, सापडलं. मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघितला तो पहिला क्रिस्टल. हे बघा." तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पिवळ्या डोंगरातली दरी असावी तशी ती भेग, आणि भेगेच्या कडेला लाल कण. चार-पाच. "उजेड लागला की हा नारिंगी होतो आणि मग परत पिवळा होतो, बरोबर? पण इथे भेगेत लाल राहिलाय. महिनाभर अंधारात राहूनही गेला नाही. असं कोणाला मिळालेलं नाही. उद्या कमिटीसमोर मी हेच आधी ठेवणार. सरांनाही फोटो पाठवलाय."

मी तो लाल लगेच ओळखला. रोज सकाळी आंघोळीनंतर माझ्या बोटाला तोच असतो.

"बरा दिसता," एवढंच बोलून मी गॅलरीत जाऊन बसलो. आतून तिचा आवाज येत होता, उद्याचं बोलणं पाठ करत होती. इंग्रजीत. मला त्यातला एकच शब्द कळत होता, रेड, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. परीक्षक हसतील. आज नाही हसले तर पुढे कुठल्यातरी यंत्रात तो कण घालतील आणि तेव्हा हसतील, तिच्या तोंडावर, हळद आणि चुना म्हणून. दिवेलागणीपर्यंत मी बसून होतो. सून घरी आली, मुलगा आला. सुनेने देवापुढे दिवा लावला, आणि मी आत गेलो.

"बाय, ता कुंकू आसा."

"काय?"

"तो लाल. कुंकू. आपल्या देवाचा."

ती आधी हसली. "आजोबा, काहीही."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाट, निरांजन, माळ, अर्धा तास, सदऱ्याचं टोक. सुनेचा हात तोंडावर गेला. नात मात्र मला परीक्षकासारखे प्रश्न विचारत गेली.

"माळ किती वर होती?"

"वीतभर. थोडी जास्त."

"तडा तुमच्या डोळ्यांसमोर गेला?"

"हो."

"त्या वेळी रंग?"

"नारिंगी."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन्ही टोकं आवळू नको म्हणून सांगितलं होतं."

"ता खरा होता," मी म्हणालो. अजूनही.

"खरं होतं म्हणूनच मी विश्वास ठेवला ना आजोबा."

 ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि माझं निभावलं असतं. ती म्हणाली, "खडा गेला त्याचं काही नाही. दुसरा वाढवता येतो. पण मी वहीत लिहिलंय, काळोखात, आपोआप. खाली माझी सही आहे. सहा खडे त्यात घालवले. उद्या मी हेच सांगणार होते."

मुलगा मध्ये पडला. "जाऊ दे ना आता. म्हातारं माणूस आहे. वहीचं काय, ती पानं फाडून टाक."

"पान फाडत नाहीत," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग सरांना फोन लावायला गॅलरीत गेली. जेवताना ती माझ्या समोर बसायची, त्या दिवशी आईच्या पलीकडे बसली.

सकाळी मी तिच्या आधी उठलो. आंघोळ केली, देवाला हात जोडले, कुंकू लावलं नाही. ट्रंकेतून पोलादी पट्टी काढली. सुनेने घटस्थापनेला लावलेली माळ दिवाळीनंतर गुंडाळून ठेवली होती, ती त्याच खिळ्यांवर तशीच सोडली, पाट मांडला आणि अंतर मोजलं. नऊ इंच आणि दोन सूत, म्हणजे सव्वानऊ. सर्वांत जवळच्या भागातले दिवे मोजले, बावीस. मग ती केस विंचरत होती तिथे जाऊन उभा राहिलो.

"वही दी."

तिने विचारलं नाही कशाला. पान उघडून दिलं. तिने आधीच स्वतःच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली होती, शेजारची जागा मोकळी होती. मी दारात उजेडाला बसलो आणि माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: "काळोखात तडा गेला हे खरे नाही. खंडेनवमीस सकाळी मी हिला न विचारता डबा उघडला. जांभळ्या दिव्यांची माळ वर नऊ इंच दोन सूत. बावीस दिवे. अर्धा तास. खडा नारिंगी झाला व मधोमध भेग पडली, मी भिंगातून पाहिली. लाल कण हे कुंकू आहे. विचारल्यावर मी सांगितले नाही." थोडा थांबलो. मग आणखी एक ओळ लिहिली, कारण तीही खरी होती: "खडा दोन्ही टोकांनी आवळलेला होता, मोकळीक नव्हती." खाली सही, पगाराच्या रजिस्टरवर करायचो तशी, पूर्ण नावाची.

तिने उभ्यानेच वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने राहू दिली. माझ्या सहीखाली तारीख घालायची राहिली होती, ती तिने घातली आणि वही पिशवीत टाकली.

मग म्हणाली, "उरलेल्या तीन बाटल्या मी मैत्रिणीकडे ठेवते. ठाकूरद्वारला. टॅक्सी बोलावलीय."

"उतरवतंय मी," मी म्हटलं.

"राहू दे आजोबा."

मी ऐकलं नाही. ट्रंक उघडली, घोंगडीतून तिन्ही बाटल्या काढल्या, लाकडी खोक्यात उभ्या लावल्या आणि खोकं छातीशी धरून तीन जिने उतरलो. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. ती मागून येत होती. टॅक्सीत खोकं तिच्या मांडीवर ठेवलं तेव्हा तिने वाकून बाटल्यांकडे बघितलं. तिसऱ्या माळ्यापासून खालपर्यंत पाणी हललं नव्हतं.